तारेतला पैसा आणि भोपळ्यातला सूर

सोलापूरचे नाव काढले की परगावच्या माणसाला पहिल्यांदा चादर आठवते. थोडा माहीतगार असेल तर टॉवेल, शेंगांची चटणी, कडक भाकरी आणि संक्रांतीची गड्ड्याची यात्रा हीही नावे तो घेतो. अलीकडे त्यात डाळिंब आणि मंगळवेढ्याची ज्वारी यांची भर पडली आहे. चादर, टॉवेल, डाळिंब आणि ज्वारी या चौघांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. म्हणजे ही वस्तू याच मातीतली, असा सरकारी शिक्का. पण या जिल्ह्यातून बाहेर जाणारी एक वस्तू अशी आहे की जिचे नाव सोलापूरकरही घेत नाहीत. ती वस्तू म्हणजे भीमाकाठचा कडू भोपळा.

भोपळ्याला मराठीत मान तसा कमीच. परीक्षेत शून्य मिळाले की भोपळा, खोटी समजूत गळून पडली की भ्रमाचा भोपळा फुटला, दोघांचे पटेनासे झाले की विळ्याभोपळ्याचे सख्य. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला वाघापासून वाचवणारा गोष्टीतला भोपळा तेवढा काय तो सन्मानाचा धनी. मी म्हणतो तो भोपळा तर भाजीच्याही उपयोगाचा नाही. पण पंढरपूर आणि मंगळवेढा भागात पिकणारा हा भोपळा मिरजेला जातो. तिथे त्याचा तंबोरा होतो, सतार होते, वारकऱ्याच्या गळ्यातली वीणा होते. मैफलीत गवयाच्या मागे जे दोन तंबोरे दिसतात, त्यांतल्या कितीतरी तंबोऱ्यांचे पोट आपल्या जिल्ह्यातल्या काळ्या मातीत वाढलेले असते.

या भोपळ्याकडे माझे लक्ष गेले ते मात्र शेतात नव्हे, मैफलीतही नव्हे. ते गेले पुण्यात, एका लाउडस्पीकरच्या कारखान्यात.

कारखाना म्हटले की धुराडे आणि भोंगा, असे चित्र गिरण्यांच्या सोलापुरात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हा कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला एक मोठासा गाळा. एका स्नेह्यांच्या ओळखीने जाणे झाले. मंडपात किंवा मिरवणुकीत वाजणारे कर्णे तिथे बनत नाहीत. दिवाणखान्यात शांत बसून गाणे ऐकणारे, आणि त्यासाठी एखाद्या मोटारगाडीइतका खर्च करायची तयारी असणारे जे थोडे लोक असतात, त्यांच्यासाठी तिथे लाउडस्पीकरचे मोजके जोड हाताने बांधले जातात. अ‍ॅम्प्लिफायरपासून लाउडस्पीकरपर्यंत जाणाऱ्या तारा, म्हणजे केबल्स, याही तिथेच वळल्या जातात. मालक इंजिनियर, साठीच्या आसपासचे, बोलायला मोकळे.

लाउडस्पीकर आतून किती साधा असतो, हे त्यांनीच उघडून दाखवले. एक लोहचुंबक, त्याच्या अरुंद फटीत बारीक तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला कागदी शंकू. तारेतून गाण्याची वीज आली की वेटोळे पुढे-मागे हलते. त्यासरशी शंकू हलतो, शंकू हवेला ढकलतो आणि ती हवा आपल्या कानाच्या पडद्याला. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा इंजिनियरांनी १९२५ साली ही रचना मांडली. त्याला शंभर वर्षे झाली. शंकूसाठी कागदाच्या जोडीला नवनवे पदार्थ आले, बारीक आवाजासाठी कृत्रिम हिऱ्याचे पातळ घुमटही निघाले. पण चुंबक, वेटोळे आणि शंकू ही मूळ मांडणी बदलली नाही.

आपल्याकडे या यंत्राने आधी माणसाचे भाषण मोठे केले, गाणे नंतर. मुंबईच्या नानिक मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिक्षेपक स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या सभांना असत. गांधीजी, नेहरू यांच्या जुन्या छायाचित्रांत मायक्रोफोनवर ते नाव आजही वाचता येते. त्याआधी कीर्तनकाराने, तमाशातल्या शाहिराने, संगीत नाटकातल्या नटाने आपला आवाज स्वतःच्या छातीच्या बळावर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायचा, अशी रीत होती. लाउडस्पीकरने ते कष्ट वाचवले आणि लाखांच्या सभा शक्य केल्या. हे उपकार मान्य केलेच पाहिजेत.

मग मालकांनी एका पेटीवर बोटाच्या पेराने टकटक केले. आवाज आला तो दगडी भिंतीवर ठोकल्यासारखा, बद्द. "ही पेटी मुकी राहिली पाहिजे," ते म्हणाले. "शंकू बोलेल, पेटीने मधे तोंड घालायचे नाही. पेटी थरथरली की तिचा स्वतःचा आवाज गाण्यात मिसळतो. आमचे निम्मे कष्ट पेटीला गप्प बसवण्यात जातात." त्यासाठी जाड लाकडी फळ्या, आतून आडवे-उभे आधार, कोपऱ्यांत भरलेला कापूस. एक पेटी उचलायला दोन माणसे लागतात.

केबलचा विभाग शेजारीच होता. तांब्याच्या तारा, कुठे त्यांवर चांदीचा मुलामा, रेशमासारखी वेष्टणे, सोन्याचे पाणी दिलेली टोके. या व्यवसायात काही परदेशी केबलच्या एका जोडाची किंमत लाखांत जाते. मी त्यांना सरळच विचारले, की साध्या तारेत आणि या तारेत ऐकताना फरक पडतो का? ते हसले. "जाड तांबे, घट्ट जोड आणि कमीत कमी लांबी. एवढे सांभाळले की तारेचे काम संपले. बाकीचे गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी."

हे त्यांचे उत्तर भौतिकशास्त्राला धरून आहे. घरातल्या वायरिंगला लागते तसली दीड चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार घ्या. लाउडस्पीकर पाच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन दहा मीटर तार लागते आणि तिचा विरोध भरतो सुमारे ०.११ ओहम. लाउडस्पीकर आठ ओहमचा असेल तर या तारेपायी आवाजात पडणारी घट एका डेसिबलच्या साधारण आठव्या हिश्श्याइतकी. तयार कानालाही अर्ध्या ते एका डेसिबलच्या आतला फरक कळणे कठीण. अमेरिकेत चमत्कारांचे दावे तपासणारे जादूगार जेम्स रँडी यांनी २००७ साली असेच एक आव्हान दिले होते. सात हजार डॉलरहून महाग केबल आणि साधी चांगली केबल यांतला फरक न बघता, नुसत्या कानाने ओळखून दाखवणाऱ्याला दहा लाख डॉलर. ते बक्षीस कोणालाही घेता आले नाही.

म्हणजे ही सगळी फसवणूक म्हणायची का? मी तसे म्हणणार नाही. माणूस देवाला सोन्याचा मुकुट घालतो तो देवाला ऊन लागते म्हणून नव्हे. आवडीच्या वस्तूवर पैसा घालणे हा ज्याच्या त्याच्या खिशाचा आणि मर्जीचा प्रश्न आहे. फक्त ते समाधान आहे, विज्ञान नाही, एवढे ठाऊक असावे. चांगल्या आवाजाची खरी गुरुकिल्ली तारेत नसून खोलीत असते. बंगाली क्रांतिकारकाचे अमेरिकेत जन्मलेले चिरंजीव अमर बोस यांनी १९५६ साली, विद्यार्थिदशेत, नावाजलेली महाग ध्वनियंत्रणा विकत घेतली आणि ती घरी वाजवून ते निराश झाले. त्या निराशेतून त्यांनी संशोधन केले आणि १९६४ साली कंपनी काढली. सभागृहात बसलेल्या श्रोत्याच्या कानावर पडणाऱ्या आवाजापैकी बहुतांश आवाज भिंती-छतावरून परतून आलेला असतो, यावर त्यांच्या कामाचा भर होता. मोकळ्या भिंतींच्या, फरशीच्या खोलीत लाखाची यंत्रणाही भांड्यांच्या दुकानासारखी खणखणते. तिथे जमिनीवर सतरंजी, समोरच्या भिंतीवर जाडसा पडदा आणि शेजारी पुस्तकांचे कपाट एवढे केले तरी ऐकणे सुधारते. सोलापुरी चादर भिंतीवर टांगूनही हे काम बऱ्यापैकी होते. आमच्या गावच्या मालाची ही जाहिरात समजू नये. जाड कापड आवाजाची उंच टोके शोषून घेते, हे साधे शास्त्र आहे.

त्या कारखान्यातली ऐकण्याची खोली शेवटी दाखवण्यात आली. लाउडस्पीकर तयार झाला की त्यावर पहिल्यांदा काय वाजवता, असे मी विचारले. ढोल असेल, पाश्चात्त्य वाद्यवृंद असेल, असा माझा तर्क. त्यांनी लावला नुसता तंबोरा. गाणे नाही, तबला नाही. चार तारा एकामागून एक छेडल्या जाताहेत, बस्स. "यात सगळे असते," ते म्हणाले. "एका तारेतून इतके सूर निघतात की ते सगळे जसेच्या तसे सोडणारा लाउडस्पीकर बाकी काहीही वाजवू शकतो. जो इथे नापास, तो नापास." कोपऱ्यात एक खरा तंबोरा गवसणी घालून उभा होता. यंत्रातला आवाज त्याच्याशी ताडून बघायचा, अशी त्यांची पद्धत. गवसणी काढता काढता त्यांनी मला विचारले, "तुम्ही सोलापूरचे ना? मग हा भोपळा तुमचाच. तंबोरा मिरजेचा, पण भोपळा पंढरपूरकडचा."

सोलापूरहून पंढरपूरला शेकडो वेळा गेलेला मी. वाटेत ऊस पाहिला, ज्वारी पाहिली, डाळिंबाच्या बागा पाहिल्या. या भोपळ्याचा माग काढायचा तर आधी मिरज गाठणे भाग होते.

पंढरपूर आणि मिरज ही दोन गावे बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांनी १९२७ साली जोडली गेली. आज तो मार्ग रुंद झाला आहे. मिरजेत उतरून सतारमेकर गल्लीत गेले की दुकानांच्या छताला टांगलेले भोपळे दिसू लागतात. इथली कला दीडशेहून अधिक वर्षांची. मूळचे हे कारागीर शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. राजवटी बदलल्या, तलवारी म्यान झाल्या आणि पोटाचा प्रश्न उभा राहिला. अशा वेळी फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्यांची दुरुस्ती करता करता वाद्ये घडवायला घेतली आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे निधन १९३७ साली झाले. तंबोरा लागल्याशिवाय गाणे नाही, हा त्यांच्या घराण्याचा आग्रह. असा गवई शेजारी राहत असेल तर कारागिराचा कान तयार झाल्यावाचून कसा राहील?

ज्या दुकानात मी बसलो तिथल्या वयोवृद्ध कारागिरांना सगळे चाचा म्हणत. मीही म्हणू लागलो. भोपळा वाळून आला की त्याचे काय करतात, हे त्यांनी टप्प्याटप्प्याने दाखवले. वरचे तोंड कापायचे, आतला गर आणि बिया काढायच्या, भोपळा पाण्यात भिजवून मऊ करायचा आणि आत काठ्यांचे ताण देऊन त्याला हवा तो आकार येऊ द्यायचा. मग पुन्हा वाळवण. त्यानंतर तुणाच्या लाकडाचा गळा, वर दांडी, पुढे पातळ तबली, खुंट्या, नक्षी आणि पॉलिश. पुरुषांच्या आवाजाच्या तंबोऱ्याला पन्नास इंचांच्या आसपास घेराचा भोपळा लागतो, बायकांच्या तंबोऱ्याला त्याहून लहान. मोठा, एकसारखा गोल, जाड सालीचा आणि कुठे न तडकलेला भोपळा मिळणे म्हणजे नशीब.

चाचांनी एक भोपळा उचलला आणि बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारली. घुमारा हवेत थोडा रेंगाळला. "ऐकलंत, साहेब? हा बोलतोय," ते म्हणाले. दुसरा उचलला, टिचकी मारली, बाजूला ठेवला. "हा नुसता दिसायला देखणा. शोकेसमध्ये बसेल."

पुण्यातली टकटक आणि मिरजेतली टिचकी यांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. तिथे पेटी मुकी हवी, इथे भोपळा बोलका हवा. लाउडस्पीकर दुसऱ्याचे बोलणे पोहोचवतो. त्याने स्वतःचे काही घातले तर ते पाप. तंबोऱ्याची तार एकटी फारसे बोलत नाही, ती इतकी बारीक असते की तिने हवा हलत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, तबली भोपळ्यातल्या हवेला, आणि सगळे मिळून जे बोलतात तो तंबोरा. एक निरोप्या, दुसरा बोलणारा. चांगला निरोप्या दुर्मीळ आणि महाग असतो, हे खरे. पण बोलणाराच उरला नाही तर निरोप्या काय पोहोचवणार?

तंबोऱ्याची खरी किमया घोडीवर असते. तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या पाठीला किंचित बाक देऊन ती घासतात. याला जवारी काढणे म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवून अशा जागी आणतात, की तार घोडीला एकाच टोकाशी न टेकता हलता हलता हलकेच शिवत राहते. त्या शिवण्यातून मूळ सुराच्या वर सुरांची एक झालर उभी राहते. सर सी. व्ही. रामन यांना प्रकाशावरच्या कामासाठी १९३० साली नोबेल मिळाले, हे शाळेतली मुलेही सांगतात. पण त्याआधी, १९२१ साली, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्यावर एक निबंध लिहिला होता. तार जिथे छेडावी तिथे ज्या उपसुरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपसूर ऐकू येता कामा नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रातला मान्य नियम. तंबोऱ्यात तेही उपसूर ठणठणीत ऐकू येतात, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या त्या बाकात आहे, हेही सांगितले. ज्यांनी तो बाक पहिल्यांदा घासला त्या कारागिरांपाशी ना प्रयोगशाळा होती ना मोजमापाचे यंत्र. कान होता.

मंगळवेढ्याची ज्वारी आणि मिरजेची जवारी, अशी शब्दांची जुळणी मनात घोळवत मी परतीच्या वाटेवर भीमाकाठी उतरलो. एका शेतकऱ्याकडे वेल होता. ज्या कुशीवर भोपळा पडून राहतो ती बाजू चपटी होते, म्हणून तो नीट बसता करावा लागतो, खाली पाला-काड्या घालाव्या लागतात. वेल पुरता सुकेपर्यंत भोपळा तोडायचा नाही आणि तोडल्यावरही महिनोन्‌महिने वाळवायचा. "खायाचा न्हाई ह्यो, पाव्हणं," ते म्हणाले. "जनावरंबी तोंड लावत न्हाईत. राखण करावी लागत न्हाई, एवढंच काय ते सुख." या भोपळ्याचे पुढे काय होते, हे त्यांना ठाऊक होते. तंबोरा त्यांनी पाहिलेला होता, देवळात. पण आपल्या शेतातल्या भोपळ्याचा तंबोरा वाजताना त्यांनी कधी ऐकलेला नव्हता.

त्यांचे गणित साधे आणि निरुत्तर करणारे होते. उसाला कारखाना आहे, तोडणीची टोळी आहे, उशिरा का होईना पण बिल आहे. भोपळ्याला बाजार समितीत भाव नाही. घेणारे गिऱ्हाईक मोजके. ते येते, मोठे आणि बिनडागी भोपळे निवडते आणि उरलेला ढीग शेतकऱ्याच्या दारात राहतो. एखादा तडकला, एखादा वाकडा झाला, की वर्षाची मेहनत गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये आला तसा भीमेला पूर आला, तर वेलच राहत नाही. "नाद हाय म्हणून लावतो," ते म्हणाले. नाद या शब्दाचे दोन अर्थ त्यांच्या मनात नसतील. माझ्या मात्र आले.

३० मार्च २०२४ रोजी मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजकर कारागिरांचा हा सन्मान फार पूर्वीच व्हायला हवा होता आणि त्याचा आनंद सोलापूरकरांनाही आहे. पण वाद्याच्या नावाने उभ्या राहणाऱ्या किमतीतले काही भोपळा पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचते का, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. पैठणी महाग झाली आणि रेशीम काढणाऱ्याला काही मिळाले नाही, तर आपण हळहळतो. इथे तर हळहळ वाटायलाही कुणाला माहिती नाही.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. आता तर मोबाइलवर फुकटात तंबोरा वाजतो. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एका खोलीच्या घरात पाच फुटी तंबोरा ठेवायचा कुठे? तो लावायला शिकण्यातच विद्यार्थ्याची दोन वर्षे जातात. ज्या मुलीची आई नोकरी सांभाळून तिला क्लासला पोहोचवते, तिला मोबाइलचा तंबोरा वरदान आहे. तरी एक गोष्ट त्यात हरवते. खरा तंबोरा विद्यार्थ्याने स्वतः लावायचा असतो. लावताना तो उतरतो, चढतो, पुन्हा उतरतो, आणि या झटापटीत कान घडतो. बटण दाबले की लागलेला सूर आयता मिळतो, म्हणून तो सूर शोधण्याची गरज उरत नाही. सूर शोधलाच नाही तर तो चुकला हे कळणार कसे?

कान बोथट करणाऱ्या गोष्टी आपल्या आसपास कमी नाहीत. सणासुदीला, मिरवणुकीत, लग्नाच्या वरातीत लाउडस्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. खिडक्यांच्या काचा थरथरतात, घरातली आजारी माणसे आणि तान्ही मुले जीव मुठीत धरून बसतात. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा त्यांत लिहिलेली आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. दिवसाचे आठ तास ८५ डेसिबलच्या वरचा आवाज सतत कानावर पडत राहिला तर श्रवणशक्तीला धोका असतो आणि एकदा मेलेल्या कानाच्या पेशी परत उगवत नाहीत, हेही डॉक्टर सांगून थकले. लाउडस्पीकरच्या भिंतीसाठी आपण वर्गणी आनंदाने देतो. त्याच मंडळाने एखाद्या वर्षी गावातल्या संगीत विद्यालयाला एक तंबोरा द्यावा, असे कुणी सुचवले तर? चांगल्या तंबोऱ्याला एका बऱ्यापैकी मोबाइल फोनएवढे पैसे पडतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की आवाजावर घालायचा पैसा आपण चुकीच्या जागी घालतो आहोत. धनवान रसिक तो तारेत घालतो, मंडळे भिंतीत घालतात. तो कानात आणि भोपळ्यात गेला पाहिजे. यासाठी करण्यासारख्या काही गोष्टी मला दिसतात आणि त्यांतली एकही आवाक्याबाहेरची नाही.

पहिली, मिरजेच्या कारागीर संस्थांनी आणि भीमाकाठच्या शेतकऱ्यांनी पेरणीआधी भावाचा करार करावा. कोणत्या घेराच्या भोपळ्याला काय दर, हे वेल लावण्याआधी ठरले तर शेतकऱ्याच्या जिवाला घोर राहणार नाही आणि कारागिरालाही माल मिळेल की नाही ही धास्ती उरणार नाही. लहान भोपळ्यांची वीणा, एकतारी, शोभेच्या वस्तू होऊ शकतात. त्यांचाही दर त्यात असावा. दुसरी, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने या भोपळ्याचे बियाणे जपावे, जाड सालीचे वाण निवडावे. ज्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बियाणे घरात राखले, त्यांची नावे त्यात लागावीत. तिसरी, संगीत शिकवणाऱ्या प्रत्येक विद्यालयात निदान एक खरा तंबोरा असावा आणि आठवड्यातून एकदा विद्यार्थ्याने तो स्वतः लावावा. उरलेले दिवस मोबाइल आहेच.

चौथी गोष्ट आपल्या घरातली. महाग यंत्रणा घेण्याची ऐपत असेल तर अवश्य घ्यावी. पुण्यात काय किंवा आणखी कुठे काय, आपल्याच देशातली माणसे ती हाताने बांधताहेत, त्यांना काम मिळावे. तार मात्र साधी, जाड, तांब्याची घ्यावी. वाचलेल्या पैशात मुलांना वर्षातून चार मैफलींना न्यावे, पुढच्या रांगेत बसवावे आणि गवई तंबोरे लावत असतो तो वेळ त्यांना बडबड न करता ऐकू द्यावा. बहुतेक श्रोते तेवढ्यात चहा घेऊन येतात. गाण्याचा सर्वांत शिकवणारा भाग तोच असतो.

आणि शेवटची, सोलापूरकरांसाठी. आपल्या गावी कृषी प्रदर्शन भरते तेव्हा मोठाल्या मुळ्यांना, उसाच्या उंच कांड्यांना, वजनदार बैलांना बक्षिसे मिळतात. तिथे एक टेबल कडू भोपळ्याचे ठेवावे. भोपळा पिकवणारा शेतकरी एका बाजूला बसावा, मिरजेचा कारागीर दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये एक लागलेला तंबोरा. येणाऱ्या-जाणाऱ्या पोरांना तो छेडू द्यावा. आवाज वाढवायला कर्णा लावू नये. ज्याला ऐकायचे तो जवळ येईल. आणि प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी ती तार सर्वांत आधी त्या शेतकऱ्याच्या हाताखाली जावी.